थंडी आणि प्लेटलेट : आयुष्य की तत्परता?

रक्तपेढीत दात्याच्या रक्ताचे घटक वेगळे झाले, की प्रत्येक घटकाची सोय वेगळ्या तापमानाला होते. लोहित पेशी २ ते ६ अंश सेल्सियसच्या शीतकपाटात जातात आणि योग्य पोषक द्रावण असल्यास ४२ दिवसांपर्यंत वापरता येतात. रक्तद्रव म्हणजे प्लाझ्मा उणे ३० अंशांखाली गोठवला, तर तो वर्षभर टिकतो. प्लेटलेटची पिशवी मात्र २० ते २४ अंशांवर, सतत मागेपुढे हलणाऱ्या फळ्यांवर ठेवावी लागते आणि तिचे आयुष्य सामान्यतः पाच दिवसांचेच असते. त्यातला एखादा दिवस संसर्गाच्या तपासण्यांमध्ये जातो, त्यामुळे प्रत्यक्ष वापरासाठी उरतात तीन-चार दिवस. दूध, भाजी, लस, औषध असे नाशवंत म्हणून जे जे आहे ते थंडीत ठेवायचे ही सर्वसाधारण रीत असताना, रक्ताचा सर्वांत नाजूक घटक तेवढा उबेत का ठेवला जातो, आणि ही पद्धत प्रत्येक रुग्णाच्या हिताचीच आहे का, हा रक्तसंक्रमणशास्त्रातला अर्धशतकाहून जुना प्रश्न गेल्या काही वर्षांत पुन्हा ऐरणीवर आला आहे.

शालेय पुस्तकांत जिला रक्तपट्टिका म्हणतात आणि रुग्णालयात सर्रास प्लेटलेट, ती पूर्ण पेशी नव्हे. अस्थिमज्जेतील मेगाकॅरिओसाइट नावाच्या अवाढव्य पेशींच्या लांबट फांद्या रक्तवाहिन्यांत शिरतात आणि तुटून त्यांचे बारीक तुकडे होतात. तेच हे कण. त्यांना केंद्रक नसते, व्यास दोन ते तीन मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुप्पट-तिप्पट इतकाच असतो, आणि आकार चपट्या चकतीसारखा असतो. निरोगी माणसाच्या एक मायक्रोलिटर रक्तात त्या दीड ते चार लाख असतात, आठ ते दहा दिवस जगतात, आणि म्हणून शरीराला रोज सुमारे दहा हजार कोटी नव्या प्लेटलेट घडवाव्या लागतात. इटलीतील तुरीन येथील जुलिओ बित्सोझेरो यांनी १८८२ मध्ये त्यांना रक्ताचा स्वतंत्र घटक म्हणून ओळखले आणि रक्तस्राव थांबवण्यातील त्यांचे कामही दाखवून दिले.

ते काम अनेक टप्प्यांचे आहे. रक्तवाहिनीचे अस्तर फाटले की त्याखालचे कोलॅजेन हे प्रथिन उघडे पडते, रक्तातील फॉन विलेब्रांड घटक नावाचे लांबलचक प्रथिन त्याला चिकटते, आणि वेगाने वाहणारी प्लेटलेट तिच्या पृष्ठभागावरील एका ग्राहीच्या साहाय्याने या प्रथिनाला पकडते. ग्राही म्हणजे ठरावीक रेणूला ओळखून त्याच्याशी जोडले जाणारे पृष्ठभागावरील प्रथिन, आणि जीपी-वन-बी हे या ग्राहीचे नाव पुढे पुन्हा येणार आहे. पकड बसताच प्लेटलेट उद्दीपित होते, तिची चकती मोडून काटेरी गोळा बनतो, पोटातील कणिकांमधली रसायने बाहेर पडून आणखी प्लेटलेटना बोलावणे धाडतात, आणि फायब्रिनोजेन या प्रथिनाच्या दुव्यांनी त्या एकमेकींना जखडल्या जातात. याच वेळी पटलाच्या आतल्या बाजूस दडलेला फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचा मेद बाहेरच्या बाजूस येतो आणि त्या पृष्ठभागावर थ्रॉम्बिन झपाट्याने तयार होऊन गुठळी पक्की होते. कणाने उद्दीपित होणे ही जखमेच्या ठिकाणी गरज आहे. पिशवीत असताना त्याने तसे होणे ही मात्र साठवणुकीची हानी मानली जाते. थंडीच्या परिणामाविषयीचा सगळा वाद या दोन बाजूंमध्ये उभा आहे.

प्लेटलेट दिल्या जातात त्या मुख्यतः दोन प्रकारच्या रुग्णांना. पहिला प्रकार रक्ताच्या कर्करोगाचा किंवा अस्थिमज्जा रोपणाचा. अशा रुग्णाची अस्थिमज्जा औषधांमुळे काही आठवडे थंडावलेली असते आणि रक्तस्राव सुरू होऊ नये म्हणून, सहसा संख्या दहा हजारांखाली गेली की, त्याला प्रतिबंधक उपाय म्हणून प्लेटलेट चढवल्या जातात. त्या त्याच्या शरीरात जितके जास्त दिवस फिरत राहतील तितके चांगले. दुसऱ्या प्रकारातील रुग्णाचे रक्त त्याच क्षणी वाहत असते: अपघातात चिरडलेला, बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेली, हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत टेबलावर असलेला. त्याला येत्या काही तासांत काम करणारी प्लेटलेट हवी असते. पाचव्या दिवशी ती जिवंत असेल की नाही याने त्याच्या जिवाला फरक पडत नाही. ‘चांगली प्लेटलेट’ या शब्दांचा अर्थ या दोघांसाठी वेगळा आहे, आणि गेल्या पन्नास वर्षांत रक्तपेढ्यांनी यातला एकच अर्थ प्रमाण मानला.

तसे का घडले हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. बोस्टनमध्ये विल्यम ड्यूक यांनी १९१० मध्ये दाखवले होते, की प्लेटलेट कमी असल्यामुळे रक्तस्राव होणाऱ्या रुग्णाला दात्याचे ताजे रक्त थेट दिले तर रक्तस्राव थांबतो. परंतु प्लेटलेट वेगळ्या काढून साठवणे शक्य झाले ते काचेच्या बाटल्या जाऊन प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्यावर. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून एमिल फ्रायराइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांना प्लेटलेट देण्यास सुरुवात केली; तोवर या मुलांपैकी बरीचशी कर्करोगाआधी रक्तस्रावानेच दगावत असत. त्यामुळे प्लेटलेटच्या साठवणुकीचे शास्त्र घडत असताना संशोधकांपुढे सतत उभा होता तो पहिल्या प्रकारचा रुग्ण.

१९६९ मध्ये स्कॉट मर्फी आणि फ्रँक गार्डनर यांचा निर्णायक ठरलेला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. प्लेटलेटवर किरणोत्सारी क्रोमियमची खूण करून त्या पुन्हा शरीरात सोडायच्या आणि किती दिवसांनी किती उरतात ते मोजायचे, अशी त्यांची पद्धत होती. अवघे १८ तास ४ अंशांवर राहिलेल्या प्लेटलेट शरीरात गेल्यावर सुमारे १.३ दिवसांत निम्म्या होत, तर खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या प्लेटलेटना निम्म्या होण्यास जवळजवळ चार दिवस लागत. निष्कर्ष स्पष्ट होता आणि तो आजही खरा आहे. मात्र त्यात मोजले गेले होते ते आयुष्य. रक्तस्राव थांबवण्याची क्षमता हा त्या मोजणीचा विषय नव्हता. १९७० च्या दशकात ज्या थोड्या प्रयोगांनी ती क्षमता पाहिली, त्यांचे निकाल निराळे आले. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटचे एक विकर कायमचे बंद पाडते आणि त्यामुळे टोचल्यावर रक्त थांबण्यास लागणारा वेळ वाढतो. अ‍ॅस्पिरिन घेतलेल्या स्वयंसेवकांना थंड प्लेटलेट दिल्या तेव्हा हा वेळ लवकर कमी झाला, उबेतल्या प्लेटलेटना मात्र तेवढा परिणाम दाखवण्यास अधिक अवधी लागला. तरीही दोन प्रकारचे साठे बाळगणे रक्तपेढ्यांना गैरसोयीचे होते, प्रतिबंधक वापर वाढत होता, आणि हळूहळू थंड प्लेटलेट व्यवहारातून नाहीशा झाल्या. मर्फी आणि गार्डनर यांच्या निष्कर्षात दोष नव्हता. एका रुग्णगटाला लागू असलेला निष्कर्ष सर्वांना लागू केला गेला, ही त्यानंतरची चूक होती.

उबेच्या या निवडीची किंमतही मोजावी लागली. २२ अंशांवर प्लेटलेट जाग्या असतात, ग्लुकोज वापरतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. प्राणवायू पुरेसा मिळाला नाही तर आम्ल आणखी वाढते, आणि पिशवीतील सामू म्हणजे आम्लतेचे माप ६.२ च्या खाली गेले की त्या जगण्यालायक राहत नाहीत. म्हणूनच पिशवी सतत हलवावी लागते आणि तिचे प्लॅस्टिक वायूंना आरपार जाऊ देणारे असावे लागते. असे प्लॅस्टिक १९८० च्या दशकाच्या आरंभी आले तेव्हा साठवणुकीची मुदत तीनावरून पाच दिवसांवर गेली. अमेरिकेने १९८४ मध्ये ती सात दिवसही केली, पण १९८६ मध्ये पुन्हा पाचावर आणली, कारण पिशव्यांत जिवाणू वाढत होते. दात्याच्या त्वचेवरचे काही जिवाणू सुईबरोबर आत जातात. शीतकपाटात ते निपचित राहिले असते, पण खोलीच्या तापमानाला, साखर आणि प्रथिनांनी भरलेल्या द्रवात, त्यांची संख्या दिवसागणिक वाढते. काही हजार पिशव्यांमागे एखादीच पिशवी अशी निघते, परंतु ती ज्याला दिली जाते त्या रुग्णाची प्रतिकारशक्ती बहुधा आधीच खचलेली असते, आणि रक्तातून दिला जाणारा जिवाणूसंसर्ग आजही प्लेटलेटच्या बाबतीत सर्वांत जास्त भेडसावतो.

आता थंडीत नेमके काय होते ते पाहू. प्लेटलेटचा चपटा आकार परिघाजवळ गुंडाळलेल्या सूक्ष्मनलिकांच्या कड्यामुळे टिकतो, जसा चाळणीचा गोलाकार तिच्या कडीमुळे टिकतो. तापमान उतरले की या सूक्ष्मनलिका विस्कटतात, पेशीच्या आत कॅल्शियमचे प्रमाण वाढते, अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे धागे नव्याने जुळतात, आणि चकतीचा काटेरी गोळा होतो. थंडी थोडाच वेळ लागली असेल तर ऊब मिळताच मूळ आकार बऱ्याच अंशी परत येतो, दीर्घकाळ लागली असेल तर येत नाही. रक्तपेढीतील तंत्रज्ञ पिशवी उजेडासमोर धरून हळूच हलवतात तेव्हा निरोगी चकत्यांमुळे आत धुरासारखी तरल वलये फिरताना दिसतात, आणि गुणवत्तेची ही सोपी, विनाखर्चाची खूण जगभर वापरली जाते. थंड प्लेटलेटमध्ये ती वलये दिसत नाहीत, म्हणून जुन्या निकषाने पाहिल्यास ती पिशवी निकामीच ठरते.

आकार बदलल्यामुळे प्लेटलेट लवकर नष्ट होतात, अशी समजूत अनेक वर्षे होती. बोस्टनमध्ये कारिन हॉफमाइस्टर, जॉन हार्टविग आणि थॉमस स्टोसेल यांनी २००३ मध्ये ती मोडून काढली. त्यांना आढळले, की थंडीत पृष्ठभागावरील जीपी-वन-बी ग्राही एकमेकांजवळ सरकून त्यांचे पुंजके होतात. या ग्राहींवर शर्करेच्या छोट्या साखळ्या असतात, त्यांतील ग्लुकोसामाइन गटातली उघडी टोके दाटीवाटीने एकत्र येतात, आणि यकृतातील भक्षक पेशी ही खूण ओळखून त्या प्लेटलेट गिळून टाकतात. म्हणजे प्लेटलेट मेलेली नसते, यकृत तिला बाद करते. मग त्या उघड्या टोकांवर गॅलॅक्टोज ही शर्करा चढवून ती झाकली तर? उंदरांत, अल्पकाळ थंड केलेल्या प्लेटलेटवर, हा उपाय यशस्वी झाला आणि शीतकपाटातली प्लेटलेट आता आयुष्यही राखील अशी आशा निर्माण झाली. मानवी प्लेटलेट दोन दिवस थंडीत ठेवून हाच प्रयोग केला तेव्हा मात्र काही उपयोग झाला नाही. त्याचे कारण २००९ मध्ये समजले: थंडी लांबली की शर्करासाखळ्यांच्या टोकाचे सायलिक आम्ल गळते, त्याखालचे गॅलॅक्टोज उघडे पडते, आणि ते ओळखणारी यंत्रणा यकृताच्या मुख्य पेशींवरच असते. पहिल्या दारावर गॅलॅक्टोज ही ढाल ठरते आणि दुसऱ्या दारावर तीच पकडले जाण्याची खूण ठरते. औषधनिर्मितीच्या दृष्टीने ते अपयश असले तरी, जुन्या झालेल्या प्लेटलेट शरीर एरवीही कशा ओळखते याचे ज्ञान या मार्गानेच हाती आले, आणि ते मोलाचे आहे.

या संशोधकांनी मांडलेला एक विचार विशेष लक्ष देण्याजोगा आहे. मानवी शरीर सगळीकडे ३७ अंशांचे नसते. हातापायांची त्वचा पुष्कळ थंड असते, आणि जखमाही बहुधा तिथेच होतात. तिथून जाणाऱ्या प्लेटलेट किंचित थंड होऊन उद्दीपनाच्या उंबरठ्यावर येत असतील, तर ते जखमेसाठी सोयीचे आहे. आणि वारंवार अशा सज्ज अवस्थेत गेलेल्या प्लेटलेट नको तिथे गुठळी करू नयेत म्हणून यकृताने त्या काढून टाकणे हेही सुसंगत आहे. हा तर्क मान्य केला तर थंडीने प्लेटलेट बिघडते असे म्हणणे अपुरे ठरते. ती कामासाठी सज्ज होते आणि सज्जतेपायी तिचे आयुष्य घटते, असे म्हणणे वस्तुस्थितीच्या अधिक जवळचे आहे.

प्रयोगशाळेतील मोजमापेही याच बाजूने बोलतात. थंडीत चयापचय मंदावतो, म्हणून ग्लुकोज अधिक काळ पुरते आणि सामू टिकतो. पिशवी हलवावी लागत नाही. पृष्ठभागावर फॉस्फॅटिडिलसेरिन अधिक आल्यामुळे थ्रॉम्बिन लवकर तयार होते. आणि काही दिवसांच्या साठवणुकीनंतर एकत्र गोळा होण्याची क्षमता उबेतल्या प्लेटलेटपेक्षा चांगली राहते. जिवाणूंची वाढ तर जवळजवळ थांबते, अर्थात थंडीतही वाढू शकणाऱ्या यर्सिनियासारख्या मोजक्या जातींचा अपवाद करून.

या गुणांकडे पुन्हा लक्ष वेधले ते युद्धभूमीने. दूरच्या तळांवर दर पाच दिवसांनी ताज्या प्लेटलेट पोचवणे आणि हलणारी यंत्रे चालती ठेवणे शक्य नसते, आणि तिथल्या जखमींना नेमकी तत्काळ काम करणारी प्लेटलेट हवी असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये रक्तस्राव होत असलेल्या रुग्णांसाठी तीन दिवसांपर्यंत, न हलवता, शीतकपाटात ठेवलेल्या प्लेटलेटना मान्यता दिली. २०१९ मध्ये लष्करासाठी ही मुदत चौदा दिवस झाली. आणि २०२३ मध्ये, नेहमीच्या प्लेटलेट उपलब्ध नसतील किंवा वापरणे व्यवहार्य नसेल तेव्हा, नागरी रक्तपेढ्यांनाही १ ते ६ अंशांवर चौदा दिवसांची परवानगी मिळाली. नॉर्वेतील बर्गेन येथील हाउकेलँड विद्यापीठ रुग्णालयात हृदयाच्या शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर लहान प्रमाणात तुलना करण्यात आली आणि २०२० मध्ये तिचे निकाल प्रसिद्ध झाले. थंड प्लेटलेट मिळालेल्यांचा रक्तस्राव इतरांपेक्षा अधिक नव्हता. रुग्णसंख्या थोडी असल्याने यावरून अंतिम मत बनवता येत नाही, परंतु पुढील मोठ्या चाचण्यांना त्यातून आधार मिळाला.

मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. शरीरात गेल्यावर थंड प्लेटलेट एक-दोन दिवसांतच मोठ्या प्रमाणात नाहीशा होतात, त्यामुळे रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाला त्या प्रतिबंधासाठी दिल्यास पुन्हा पुन्हा पिशव्या लागतील, आणि प्रत्येक नव्या दात्याबरोबर प्रतिपिंडे तयार होण्याची जोखीम वाढेल. रक्तद्रवात साठवलेल्या थंड पिशवीत कधीकधी गोळे होतात आणि ती टाकून द्यावी लागते. रक्तद्रवाचा काही भाग काढून त्याऐवजी क्षारयुक्त द्रावण घातले तर हे प्रमाण कमी होते. शिवाय चौदा दिवस ही काही जादूची रेषा नव्हे. थंडीतही प्लेटलेटची क्षमता दिवसागणिक उतरत जाते, फक्त अधिक संथपणे. अतिसज्ज प्लेटलेटमुळे नको तिथे गुठळ्या होतील का, ही शंका रास्त आहे आणि तिचे निरसन मोठ्या चाचण्यांतूनच व्हायला हवे. याहून खोल थंडीचाही एक मार्ग आहे: डायमिथाइल सल्फॉक्साइड हे संरक्षक द्रव्य घालून प्लेटलेट उणे ८० अंशांवर गोठवल्या तर त्या वर्षानुवर्षे टिकतात, आणि नेदरलँड्सच्या लष्कराने त्या वापरल्याही आहेत, पण वितळवण्याची प्रक्रिया आणि घटलेली संख्या यांमुळे हा उपाय विशेष परिस्थितीपुरताच राहिला आहे.

भारतात प्लेटलेट २० ते २४ अंशांवर, हलत्या स्थितीत, पाच दिवस हाच नियम आहे, आणि दात्याचे रक्त घेतल्यापासून सहा ते आठ तासांत त्या वेगळ्या कराव्या लागतात. महाराष्ट्रात दर पावसाळ्यानंतर डेंग्यूची साथ वाढली, की नातेवाइकांची प्लेटलेटसाठी धावपळ सुरू होते आणि शीतकपाटातला साठा असता तर बरे झाले असते असे कोणालाही वाटेल. पण इथे थंड प्लेटलेटचा लाभ नाही. डेंग्यूत रक्तस्राव नसताना केवळ संख्या कमी दिसते म्हणून प्लेटलेट चढवल्याने फायदा होत नाही, हे सिंगापूर आणि मलेशियातील रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवले आहे. त्या रुग्णांमधील प्लेटलेटची संख्या वीस हजार किंवा त्याहून कमी होती. थंड प्लेटलेटची खरी गरज आहे ती महामार्गालगतच्या आणि दुर्गम जिल्ह्यांतल्या रुग्णालयांत. देशात रस्त्यांवरच्या अपघातांत दरवर्षी दीड लाखाहून अधिक माणसे मरतात, आणि प्लेटलेट हलवणारे यंत्र व पाच दिवसांत संपणारा साठा सांभाळणे गडचिरोली किंवा नंदुरबारसारख्या भागातील छोट्या साठवण केंद्राला परवडत नाही. लोहित पेशींचे शीतकपाट मात्र तिथे असते. त्याच कपाटात दोन आठवडे राहू शकणाऱ्या प्लेटलेटचा विचार, भारतीय रुग्णांवर नीट चाचण्या करून, आपल्या नियमकर्त्यांनी करायला हवा. मोठ्या शहरांतील कर्करोग रुग्णालयांसाठी उबेतला साठा आणि रक्तस्रावाच्या रुग्णांसाठी थंड साठा, अशी विभागणी वैद्यकीयदृष्ट्या सर्वांत सयुक्तिक दिसते.

तोवर पाच दिवसांची मुदत हेच वास्तव आहे, आणि त्याला अनुसरून दात्यांनी व शिबिरांच्या संयोजकांनी आपली सवय बदलणे शक्य आहे. रविवारी भरलेल्या मोठ्या शिबिरातून निघालेल्या सगळ्या प्लेटलेट शुक्रवारच्या सुमारास एकदम बाद होतात, म्हणून जयंती-पुण्यतिथीच्या एकाच दिवशी शेकडो पिशव्या गोळा करण्यापेक्षा तेच दाते वर्षभर आठवड्या-आठवड्याला विभागून आले तर रक्तपेढीला अधिक उपयोग होतो. ज्यांची प्रकृती आणि शिरा योग्य आहेत त्यांनी जवळच्या रक्तपेढीत एसडीपी (सिंगल डोनर प्लेटलेट, म्हणजे एकाच दात्याच्या प्लेटलेट) दाता म्हणून नाव नोंदवावे. यात यंत्राद्वारे फक्त प्लेटलेट घेऊन बाकीचे रक्त परत दिले जाते, एका बैठकीतून एका रुग्णाचा पूर्ण डोस मिळतो, आणि दोन वेळांत किमान ४८ तासांचे अंतर राखून वर्षातून चोवीस वेळांपर्यंत हे दान करता येते. त्याआधीचे तीन दिवस अ‍ॅस्पिरिन घेतलेले नसावे.